करडईच्या फुलांचा काढा

सुई बाहेर काढून मानयूनने जावेचं मनगट धरलं, आणि तिची बोटं तिथंच थबकली.

"टोच ना ताई पटकन," सूथोंग डोळे मिटूनच म्हणाली. "सकाळपासून डोकं ठणकतंय." अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली मऊ जागा वर येईल असा तिनं उजवा हात उशीवर ठेवला होता. डोकेदुखीला तिथं सुई मारतात हे शाओशिंगमधलं शेंबडं पोरही सांगेल. मानयूनने आधी नाडी पाहिली ती निव्वळ सवयीनं.

ताटात मणी घरंगळावेत तशी नाडी बोटांखालून घरंगळत होती. तिनं दुसरं मनगट धरलं. तिथंही तेच. अशी नाडी तिनं परक्या बायकांच्या हातावर कितीदा ओळखली होती, आणि ओळखून ती कशी आनंदानं ओरडायची! त्यातूनच दवाखान्याची ही भिंत लाल मखमली पताकांनी भरली होती. एकेका पताकेवर एकेका जोडप्याचं नाव आणि खाली सोनेरी अक्षरांत आभार. गावात तिला 'पाळणे हलवणारी सून' म्हणत. घरचा पाळणा मात्र माळ्यावर धूळ खात पडला होता. रोज सकाळी चूळ भरायच्याही आधी ती स्वतःचं मनगट चाचपून बघायची, हे फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तोही ठाऊक नसल्यासारखं दाखवायचा.

"एवढं काय बघतेस गं?" सूथोंगनं एक डोळा उघडला.

तिला बिचारीला काही पत्ताच नव्हता. तिचा महिना कधीच वेळेवर यायचा नाही, त्यामुळे तो चुकला तरी तिला वेगळं काही वाटत नसे. नवीन वर्ष झालं की ती आणि तिचा नवरा हाओ हांगचौच्या मोठ्या रुग्णालयात टेस्ट ट्यूबच्या उपचारांसाठी जाणार होते. तोवर अंग तयार व्हावं म्हणून वर्षभर मानयूनच दोघांना सुया देत होती, दोघांना शेजारी-शेजारी झोपवून. एकट्या बाईला टोचून भागत नाही, नवराही हवा, असा तिचा नियम होता आणि त्यावरून तिनं भल्याभल्या पुरुषांना गप्प केलं होतं.

आणि आता वर्षभराच्या तिच्या मेहनतीला फळ आलं होतं. जावेच्या पोटात.

बाईला दिवस गेले असतील तर जिथं सुई मारायची नाही अशा ज्या जागा आहेत, त्यातली पहिली ही, अंगठ्याजवळची. सासऱ्यांनी तिला शिकवलेला हा पहिलाच नियम. सुई तिच्या चिमटीत होती, जागा समोर होती, आणि मागणारी स्वतःच्या तोंडानं मागत होती. सुई डबीत परत जायला जितका वेळ लागायला हवा होता, त्याहून जास्त लागला.

"आज नको," मानयून म्हणाली. "सण आहे. आज घरात सुया चालत नाहीत."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"गेल्या वर्षी आजच्याच दिवशी आईंच्या गुडघ्यात मारल्यास की!"

"पुदिन्याचं तेल लाव आणि पड जरा."

सूथोंग ताडकन उठली. "नाही मारायची तर तसं सांग ना सरळ," असं म्हणून तिनं जाताना दार आपटलं. मानयून डबी हातात धरून तशीच बसून राहिली. जाऊन सांगायला हवं होतं. पाय उचलत नव्हते. तिच्या पोटात त्याच सकाळपासून नेहमीची कळ होती, दर महिन्याला येणारी, आणि ती कळ सोसत दुसरीला गोड बातमी द्यायला जाण्याइतकी ती काही संत नव्हती.

स्वयंपाकघरात सासूबाई वॉनटन, म्हणजे उकडायच्या पिठाच्या पुड्या, सारणानं भरत होत्या. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी आधी पूर्वजांना पान वाढायचं आणि मग घरच्यांनी वॉनटन खायचे, ही रीत त्या कडकपणे पाळायच्या. इतर रीती त्यांच्या सोयीनं वाकत. गल्लीतली सगळी पोरं त्यांना आजी म्हणत. त्यांचं दुःख एवढंच की फक्त गल्लीतलीच म्हणत.

"आई, ताईनं मला सुई नाही मारली," सूथोंग बाजूला बसत म्हणाली.

"का बरं?"

"म्हणे सण आहे."

"सण!" सासूबाईंनी एक वॉनटन इतक्या जोरात दाबला की सारण बाहेर आलं. "तुझं बरं बघवत नाही तिला, दुसरं काय. मी हाओला आधीच म्हटलं होतं, बाहेर कुणाला तरी दाखव. जिची स्वतःची कूस उजवली नाही ती दुसरीची काय उजवणार?"

"पण बाहेरच्या बायकांना गुण येतो की. भिंत भरलीय पताकांनी."

"त्या बाहेरच्या. बाहेरच्यांचं कुणीही करेल. जावेचं कोण करतं गं?"

हे सूथोंगच्या डोक्यात आजवर आलं नव्हतं. आता आलं ते जायला तयार होईना. वर्षभर ताईचे हात आपल्या पोटावर, पायांवर फिरत होते. तिनं मनापासून सुया मारल्या की नुसत्या टोचल्या, ते आपल्याला कसं कळणार? डुकराच्या मांसाच्या सारणाचा वास आज तिला नकोसा झाला होता. मळमळून येत होतं. तेही तिनं ताईच्याच माथी मारलं आणि पुढचा वॉनटन घेतला.

"आधी ताईला झालं तर?" तिनं हळूच विचारलं.

"तर काय!" सासूबाई फिस्कारल्या. "इतकी वर्षं नाही झालं ते आता होतंय? तू लाव मन. मला नातवंड तुझ्याकडूनच हवंय."

संध्याकाळ व्हायला लागली तसं सगळे पुढच्या खोलीत जमले. पूर्वजांच्या टेबलावर वाफाळता भात, मासा आणि भाताच्या पिवळ्या दारूचे पेले मांडून झाले, कागदी नोटा जाळून झाल्या, सगळ्यांनी नमस्कार केले. मग सासरे, फान वैद्य, आपल्या खुर्चीत बसले आणि त्यांनी नाडीची उशी समोर घेतली. मुठीएवढी ती निळी, विटलेली उशी, तुसानं भरलेली. रुग्णानं मनगट तिच्यावर ठेवायचं. त्या उशीमागे त्यांच्याखेरीज कुणी कधी बसलं नव्हतं. दर वर्षी या दिवशी ते घरातल्या प्रत्येकाची नाडी वयाच्या क्रमानं बघत आणि त्यावरून ठरे की हिवाळाभर कुणी कुठला काढा आणि कुठला पाक खायचा. पाकाची तांब्याची कढई थोरल्या मुलानं, मानयूनच्या नवऱ्यानं, थिंगनं सकाळपासून चुलीवर ठेवलीच होती. खजूर, तीळ, अक्रोड सगळं त्यात रटरटत होतं.

म्हाताऱ्यानं हात चोळले. कुणाला वाटलं असेल थंडीनं. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं: पानगळीपासून त्यांच्या बोटांच्या टोकांना हातमोजे चढल्यासारखं झालं होतं. रुग्णाची जीभ बघून, चेहरा बघून, चार प्रश्न विचारून ते वेळ मारून नेत होते. पन्नास वर्षांच्या नावावर तेवढं खपून जातं.

"मीठ कमी खा," त्यांनी बायकोला सांगितलं.

"दर वर्षी तेच! म्हातारबा, नाडी न बघता पण हेच सांगाल तुम्ही."

थिंगला झोप पुरत नाही असं निघालं. मग मानयूननं हात ठेवला. थोरल्या सुनेच्या या मनगटापाशी म्हातारा दर वर्षी अवघडायचा. पोरगी त्यांनी स्वतः पसंत करून आणली, स्वतः शिकवली, आणि स्वतःच्या मुलांपेक्षा तिचा हात वैद्यकीत सरस निघाला. हांगचौच्या तपासण्यांत तिच्यात किंवा थिंगमध्ये काही दोष सापडला नव्हता. तिला काही देता आलं नाही याची बोच त्यांना रात्री झोपू द्यायची नाही. त्यांनी बोटं टेकवली, डोळे मिटले. कुठूनतरी लांबून काहीतरी घरंगळल्यासारखं वाटलं. त्यांनी श्वास धरला. पुन्हा वाटलं. त्यांना ते इतकं हवं होतं की त्यांनी तिसऱ्यांदा तपासलंच नाही.

"थिंग," त्यांचा आवाज चिरकला, "थिंग, अरे, हिला दिवस गेलेत!"

मानयूनचं तोंड 'नाही' म्हणायला उघडलं. पण त्याआधी तिला थिंग दिसला. त्यानं आधाराला भिंतीवर हात टेकला होता. आनंदानं माणसाचा चेहरा मोठा होतो. त्याचा उलट लहान झाला होता, शाळकरी पोराएवढा. "बाबा, नक्की?" त्यानं विचारलं. आणि मानयूनच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

मग काय विचारता! हाओनं भावाला मिठी मारली. सासूबाईंनी पूर्वजांच्या टेबलाकडे वळून पुन्हा एक लांबलचक नमस्कार ठोकला, सर्वांत जाड गादीची खुर्ची ओढून आणली आणि मानयूनला तिच्यात दाबून बसवलं. "मला ठाऊकच होतं! चेहऱ्यावरच दिसत होतं तिच्या! मी म्हटलंच होतं ना सूथोंग?"

सूथोंगनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. दुपारी काय म्हटलं होतं ते तिला चांगलंच आठवत होतं.

अशा गलबल्यात उरलेल्या दोन नाड्या बघून झाल्या. हाओला दारू कमी करायला सांगितलं. सूथोंगच्या मनगटावर म्हाताऱ्याच्या बोटांना काहीच लागलं नाही, आणि आज ते इतके खुशीत होते की त्याची त्यांना भीतीही वाटली नाही. एरवी त्यांनी खोदून खोदून विचारलं असतं. "महिना?"

"दोन महिने नाही आला. नेहमीसारखाच."

"रक्त अडलंय. ते आधी हलवलं पाहिजे, म्हणजे हांगचौला जाईपर्यंत तूही तयार होशील. थिंग, हिच्यासाठी आत्ताच एक काढा चढव. करडईची फुलं, पीचच्या बिया, भरपूर. जेवण होईतो होईल."

थिंग उड्या मारतच पुढच्या दुकानात गेला. औषधांचे खण उघडल्या-मिटल्याचा आवाज आला. करडईची फुलं आणि पीचच्या बिया. अडलेलं रक्त वाहतं करणारी, आणि म्हणूनच पोटुशी बाईच्या जवळपासही न्यायची नाहीत अशी. मानयून त्या जाड गादीवर बसून ऐकत होती. वॉनटन खाऊन झाले की सांगू, असं तिनं ठरवलं.

जेवताना सासूबाईंनी माशाचं ताट सूथोंगच्या समोरून उचललं आणि मानयूनच्या समोर ठेवलं. "डोळ्याखालचं मांस तू खा. बाळ हुशार होतं." लाल खजुरांचा वाडगा आला तोही तिच्याचपुढे. थिंग मध्येच येऊन डोकावून जायचा, बायकोकडे बघायचा, आणि पुन्हा काढ्याकडे पळायचा. इतक्या वर्षांत तो एकदाही असा पळाला नव्हता.

मानयूनला ते सगळं हवं होतं. लबाडीचं होतं तरी हवं होतं. निदान हा वाडगा संपेपर्यंत, ती मनात म्हणाली. मग वाडगा संपला आणि तिनं दुसरा घेतला.

"ताई," सूथोंग एकदम म्हणाली. तिनं एकही वॉनटन खाल्ला नव्हता. "अभिनंदन करायचं राहिलंच माझं. कुठल्या सुया घेतल्यास गं तू? मला नाही मारल्यास त्या?"

"सूथोंग," हाओ म्हणाला.

"विचारतेय फक्त. वर्षभर मी तिच्यासमोर उघडी पडून राहिले. ही पोटावर हात ठेवून म्हणायची, होईल गं, होईल. झालं. तिचं. आज साधं डोकं दुखत होतं तर सुई मारायला तिचा हात धजला नाही. का, तर सण!"

"अगं, पोटुशी बाईशी असं बोलतात?" सासूबाई ओरडल्या. "तुझी जळफळ आवर जरा. उद्या तुझंही होईल."

"दुपारी तुम्ही काय म्हणत होतात आई? सांगू सगळ्यांना?"

सासूबाईंना एकदम ठसका लागला. मानयून खाली बघून बसली होती. तिला वाटलं, ही मला ओरबाडतेय ते बरोबरच आहे, फक्त कारण चुकीचं आहे. आणि खरं कारण फक्त मला ठाऊक आहे. जावेचा तो लाल झालेला चेहरा, थरथरणारी हनुवटी तिला चांगलीच ओळखीची होती. लोकांच्या बारशांहून परत आली की तिला स्वतःचा चेहरा आरशात असाच दिसायचा. आज तो दुसऱ्या कुणाच्या तरी मानेवर होता, आणि खोटं कशाला बोला, तिला ते बघायला बरं वाटत होतं.

थिंग दोन्ही हातांनी वाडगा धरून आला. लालसर काळा काढा, वरती वाफ. "गरमच पी," तो सूथोंगला म्हणाला. "फुलं जरा जास्तच घातलीत मी. आज कुणाचं काही कमी राहायला नको."

सूथोंगनं वाडगा उचलला आणि सगळ्यांकडे बघून हसली. "ताईला बाळ आणि मला काढा. छान आहे वाटणी."

"सूथोंग, ठेव तो," मानयून म्हणाली.

"का? हाही सणाला चालत नाही?"

"ठेव म्हणते ना."

"नाही ठेवत जा," असं म्हणून तिनं वाडगा ओठाला लावला.

मानयून त्या जाड गादीवरून कशी उठली हे तिलाही नंतर आठवलं नाही. तिनं जावेच्या हातातून वाडगा हिसकावला. थोडा काढा टेबलक्लॉथवर सांडला. उरलेला सगळा, जीभ भाजत असताना, सगळ्यांदेखत, तिनं घटाघटा पिऊन टाकला.

"अगं ओक! ओक ते!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "थिंग, तिच्या घशात बोट घाल! अरे बघतोस काय!"

"मानयून, त्यात करडई आहे!" थिंगची खुर्ची मागं पडली. "मी मूठ मूठ घातलीय! बाबा, उतारा सांगा, बाबा!"

मानयूननं हाताच्या पाठीनं तोंड पुसलं. "मला काही होत नाही," ती म्हणाली. "पडायला आधी काही असावं लागतं. बाबा चुकले. आजच सकाळी माझा महिना आलाय."

थिंगकडे बघायचं धाडस तिला झालं नाही, म्हणून ती सासऱ्यांकडे बघत राहिली. "बाबा, सूथोंगची नाडी परत बघा. घाईत नको."

हाओनं बायकोचं मनगट स्वतः धरून उशीवर ठेवलं. म्हाताऱ्यानं तीन बोटं टेकवली. दाबली. उचलली, परत टेकवली. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांनी आपली बोटं डोळ्यांसमोर धरून पाहिली, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती.

"लागत नाही मला," ते म्हणाले. "पानगळीपासून काहीच लागत नाही. मघाशी तुझ्या हातावर लागलं असं वाटलं गं पोरी. फार वाटलं."

"बाबा..."

"इथून उठ असं मला अजून कुणी म्हणालं नाही. आता मीच उठतो." ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी निळी उशी तिच्याकडे सरकवली. "बस. तू बघ."

मानयून त्या खुर्चीत बसली. तिला बघायची गरज नव्हती. पण सगळे तिच्या बोटांकडे बघत होते. नाडी तिथंच होती, दुपारपेक्षा जोरात, रागानं आणखीनच उसळलेली. तिनं ती एकदा नीट मोजल्यासारखं केलं, आवाज ताळ्यावर आणला आणि म्हणाली, "हिला दिवस गेलेत. चांगले आहेत. काढे बंद, सुया बंद. उद्या हांगचौला जाऊन तपासून घ्या."

हाओ मटकन खाली बसला आणि हसायला लागला, मग रडायला. सासूबाईंनी खजुरांचा वाडगा मानयूनच्या जागेवरून उचलला, धाकट्या सुनेकडे निघाल्या, आणि अर्ध्या वाटेत त्यांना कसंतरी वाटलं. वाडगा त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवून दिला. थिंगनं पडलेली खुर्ची उभी केली. रिकामा वाडगा घेऊन तो बाहेर नळावर गेला. बराच वेळ नळ वाहत राहिला.

सूथोंग मात्र हललीही नव्हती. तिचा हात अजून उशीवर होता, जावेच्या बोटांखाली. ती मानयूनकडे बघत होती आणि तिच्या डोक्यात एक एक गोष्ट जागेवर बसत होती.

"दुपारी कळलं होतं तुला," ती हळूच म्हणाली.

"हो."

"म्हणून सुई नाही मारलीस."

"हो."

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस? मी काढा प्यायले असते ताई. ओठाला लागला होता."

मानयूननं बरंच काही मनाशी जुळवून पाहिलं. खात्री करायची होती, योग्य वेळ बघत होते, बाबांच्या तोंडून ऐकलेलं बरं. सगळं खपलं असतं. पण दिवसभरात पुरेसं खोटं झालं होतं.

"आणखी एक दुपार तू माझ्यासारखीच राहावीस असं वाटलं," ती म्हणाली. "तेवढंच."

सूथोंगनं हात काढून घेतला आणि मनगटावर बाही ओढून घेतली.